एक नोंद जादा

मोजदादीत माझी चूक होत नाही. ही बढाई नव्हे. माहेरी मिरजेला आणि सासरी म्हैसाळला, दोन्हीकडे याच गोष्टीसाठी मला नावं ठेवतात. लग्नघरात पंगतीला पानं किती उठली ते मलाच विचारायचं, आणि माझी पाठ वळली की 'हिला मेलीला दुसरा उद्योग नाही' म्हणायचं. त्यामुळे १५ ऑक्टोबर २००१ ला, सोमवारी दुपारी सव्वातीनला, मी जुन्या डेटाबेसमधून २३१८ नोंदी पाठवल्या आणि नव्या प्रोग्रॅममध्ये २३१९ उतरल्या, तेव्हा मला स्वतःची शंका आली नाही. मी कॉम्प्युटरवर चिडले.

काम काय होतं ते आधी सांगते. डॉ. जयंत सामंत चंदीगडच्या आमच्या मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथींच्या आजारांचे डॉक्टर. त्यांची बायको देवयानी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवायची. आणि मी, सुहासिनी म्हैसाळकर, इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत. हिमालयाच्या पायथ्याच्या लोकांना गलगंड का होतो यावर शंभर वर्षांत जे जे छापून आलं त्याची टिपणांसकट सूची करायची, ही कल्पना सरांची. टिपणं देवयानी तपासायची. पण संदर्भ शोधले मी. सहा वर्षं. धूळ खाल्ली, शिंका दिल्या, फाटक्या पानांवरून तारखा उतरवून घेतल्या. एकूण एक कार्ड माझ्या अक्षरात होतं.

पुस्तकावर तीन नावं येणार होती. हे मला देवयानीनं स्वतः सांगितलं होतं, तिच्या सेक्टर २४ च्या घरी, जेवणाच्या टेबलावर. "सुहास, तुझं नाव कव्हरवर येणार. मागं आभारात नव्हे, कव्हरवर!" बावीस वर्षांत या लायब्ररीतून शेकडो थिसिस बाहेर पडले, आणि प्रत्येकात 'ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांचेही आभार' असतातच. ते कर्मचारी म्हणजे मी. नाव नाही, गाव नाही. मला ते कव्हरवरचं नाव हवं होतं. जीव टाकून हवं होतं, त्यात लाज कसली?

आणि देवयानीवर माझा विश्वास होता. ती कोल्हापूरची, मी मिरजेची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि पंधरा वर्षं टिकली. माझ्या चिन्मयीच्या वेळी बाळंतविडा तिनं केला. माझे यजमान दिगंबर टेलिफोन खात्यात. त्यांची जबलपूरला बदली झाली तेव्हा महिनाभर डबा पाठवणारी तीच. परमुलुखात असं माणूस मिळालं की बहीणच होऊन जातं.

तर प्रकाशकाचं ऑफिस सेक्टर ३४ मध्ये, खाली कोचिंग क्लासच्या पोरांच्या सायकलींचा ढीग आणि वर हे. त्यांना सूची नव्या प्रोग्रॅममध्ये हवी होती. जुना डेटाबेस डॉसवरचा, काळ्या पडद्याचा. त्यातून एक साधी फाइल काढायची; लेखकाचं नाव एका ओळीत, शीर्षक दुसऱ्या, साल तिसऱ्या. ती फ्लॉपीवर घ्यायची आणि नव्या प्रोग्रॅमला वाचायला द्यायची. तो एकेक ओळ उचलून योग्य त्या रकान्यात टाकतो.

टाकतो म्हणे! आपल्या लोकांच्या नावांचं त्यानं वाटोळं केलं होतं. दहावीच्या सर्टिफिकेटावर आपल्याकडे आडनाव आधी लिहितात, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. आणि पुष्कळ माणसं लेखावरही तसंच देतात. प्रोग्रॅमला वाटतं, शेवटचा शब्द तेच आडनाव. पाटणकर सुमन नंदकुमार म्हणून गडहिंग्लजच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचे सगळे लेख 'नंदकुमार, पी. एस.' या नावावर जमा! आडनावापुढे एक स्वल्पविराम टाकला की काम होतं, पण तो ज्याला आडनाव कळतं त्यानंच टाकायला हवा. असे तीनशे बारा स्वल्पविराम मी टाकले.

आणि मग ही जादाची नोंद. सापडायला वेळ लागला नाही, ती अगदी शेवटी होती. संदर्भाचा प्रकार होता 'व्यक्तिगत संभाषण'. असा प्रकार असतो. कुणी तोंडी काही सांगितलं, छापलेलं नाही, तर तसं नमूद करतात. आमच्या सूचीत असा एकही नव्हता. लेखक: जयंत, एस. डी. तारीख: १३ ऑक्टोबर २००१. शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलं होतं: 'तिचं नाव कशाला? तिनं नुसतं टायपिंग केलंय.'

मी खुर्चीतून उठले. लायब्ररीचा दुसरा मजला, बाऊंड व्हॉल्यूमच्या रॅकांमागची माझी खिडकी, तिच्यातून कसौलीचे डोंगर दिसतात. बाहेर सातवीण फुलली होती, तिचा उग्र वास आत येत होता. मी खिडकी लावली आणि परत बसले.

फ्लॉपीवरची फाइल उघडून पाहिली. तिच्यात २३१८ च नोंदी. शेजारच्या टेबलावरचे सोढीसाहेब म्हणाले, "मैडम जी, एक फालतू आ गई है तो डिलीट मारो, यार. क्यों सिर खपाते हो?"

तिचा प्रिंट काढून ठेवला आणि डिलीट मारली. सगळंच पुसलं आणि पुन्हा पाठवलं. २३१९. या वेळी शीर्षक वेगळं होतं: 'मिरजेची माणसं भोळी. दोन गोड शब्द पुरतात.' लेखक तोच, तारीख १४ ऑक्टोबर, म्हणजे आदला रविवार. आणि खाली सारांशाच्या रकान्यात: 'जेवणाचं टेबल. चहा. हिरव्या काठाचा कप पडून फुटला.'

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. व्हायरस असेल, कुणाचा तरी चावटपणा असेल, असं ठरवून संध्याकाळी मी सेक्टर २४ ला गेले. कार्डांचं निमित्त काढलं. देवयानीनं निळी शाल सावरत दार उघडलं, चहा टाकला आणि स्टीलच्या पेल्यांत आणला.

"कप कुठं गेले गं हिरव्या काठाचे?" मी विचारलं.

"अगं, काल फुटला एक. पाचच उरले. विषम कप पाहुण्यांपुढे ठेवायला बरं वाटत नाही."

सर सोफ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय सुहासिनीताई, कुठवर आलं काम?" इतकं सहज, इतकं गोड! माझ्या हातातला पेला गरम होता, तो मी तसाच धरून बसले. हाच माणूस. पाठीमागं 'टायपिंग' आणि तोंडावर 'ताई'. मला त्याचा असा राग आला की चहा अर्धा ठेवून मी उठले.

त्यानंतर मी रोज दुपारी फाइल पाठवू लागले. काम म्हणून नव्हे. खरूज खाजवावी तसं. रोज एक नोंद जादा यायची, रोज नवी. काहींत नुसतं 'मीठ कमी झालंय', 'गॅस बंद केला का' असलं काहीबाही असायचं. मधेच एखादी माझ्याबद्दलची. 'तिला इंग्रजी वाक्य तरी धड येतं का?' किंवा 'तीन नावं बरी दिसत नाहीत.' सगळ्यांवर जयंत, एस. डी. एकदा सारांशात फक्त 'फ्रिजचा आवाज' एवढंच होतं, आणि ते वाचताना मला तो आवाज आठवला, त्यांचा फ्रिज बंद होताना गचका देतो तसा. मी प्रिंट काढून ठेवायची आणि पडद्यावरची पुसून टाकायची.

दोन आठवड्यांनी सहन होईना. मी देवयानीला तिच्या विद्यापीठात गाठलं आणि हिरवळीवर बसून रडले. नोंदींचं सांगितलं नाही, वेडी ठरले असते. एवढंच म्हटलं, "सरांना माझं नाव नकोय, मला माहीत आहे."

"तुला कोण म्हणालं?"

"कळलं कसंतरी."

"हे बघ," तिनं माझा हात धरला, "तू त्याच्याशी एक अक्षर बोलू नकोस. पक्का? बोललीस तर तो अडून बसेल, मला माहितीय ना माझा नवरा. फायली सगळ्या माझ्याकडे दे, मी बघते. मी आहे ना, सुहास!"

मी दिल्या; लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर एक प्रत मात्र राहिलीच. तिनं दोन दिवसांनी एक कागद आणला. प्रकाशकाला लागतो, तू गोळा केलेली माहिती आम्ही वापरली त्याला तुझी हरकत नाही, एवढंच आहे म्हणाली. इंग्रजीत होता, दीड पान. लोकांच्या लेखातले स्वल्पविराम तपासणारी मी, तो कागद मी वाचला नाही. बहिणीनं आणलेला कागद कुणी वाचतं का? पेन तिनंच दिलं.

सरांशी मी बोलणं टाकलं. फोन आला की चिन्मयीला पुढं करायची. तेरा वर्षांची माझी लेक, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच. "मम्मा, अंकल रोज़ पूछते हैं आप कब मिलोगी. क्या बोलूँ?" घरी नाही म्हण, मी सांगायची.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर स्वतः लायब्ररीत आले. काउंटरपाशी उभे राहिले, मफलर काढला. "सुहासिनीताई, माझं काय चुकलं? आणि तुम्ही नाव का काढून घेतलंत?"

"मी काढून घेतलं?" माझा आवाज इतका चढला की वाचणारी मुलं माना वर करून बघायला लागली. "तुम्ही काढलंत! आणि वर मलाच विचारताय?"

"मी प्रकाशकाला तीन नावं लिहून दिली होती. तुमचं पत्र गेलं म्हणून त्यांनी तिसरं काढलं." त्यांनी पाकिटातून झेरॉक्स काढली. तो दीड पानी कागद. खाली माझी सही, आणि सहीच्या वर दोनच ओळींवर: लेखकपदावर माझा कोणताही हक्क राहणार नाही.

मी टेबलाचा खण उघडला आणि प्रिंटांचा गठ्ठा त्यांच्या पुढ्यात आपटला. "मग हे कोण बोललं? तुमचं नाव आहे त्यावर, जयंत, एस. डी."

सरांनी पहिला कागद वाचला. मग दुसरा. त्यांचा चेहरा उतरत गेला. हळूच म्हणाले, "माझ्या वडिलांचं नाव रघुवीर. माझ्या नावात डी कुठं आहे, ताई?"

सामंत देवयानी जयंत.

तीनशे बारा नावं मी सुलटी केली होती. हे एक माझ्या डोळ्यांसमोर दोन महिने उलटं पडून होतं, आणि मला दिसलं नाही. का दिसलं नाही ते मला ठाऊक आहे. मला ते दिसायला नकोच होतं.

"तेरा तारखेला घरात आम्ही दोघंच होतो," सर म्हणाले. "दारं लावलेली होती. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फाइलमध्ये आलं."

त्यांनी कागद पुन्हा टेबलावर ठेवले, नीट चौकोनी रचून ठेवले, आणि एक पाऊल मागं सरले. मला घाबरले ते. मफलर काउंटरवरच राहिला.

त्यांच्या घरी काय झालं ते मला कळलं नाही. देवयानीचा फोन नाही, काही नाही. मी घरी स्वयंपाक करताना एकटीच बोलत सुटायची. पंधरा वर्षं गं, पंधरा वर्षं! माझ्या पोरीला न्हाऊ घातलंस तू. एखाद्या परक्यानं गळा कापला असता तर इतकं लागलं नसतं. चिन्मयी दारात येऊन म्हणायची, "मम्मा, आप किससे लड़ रही हो?"

८ जानेवारीला, मंगळवारी दुपारी चार वाजता, मी पुन्हा फाइल पाठवली. तिनं नवऱ्याजवळ तरी चूक कबूल केली का, मला एवढंच पाहायचं होतं.

२३१९.

जयंत, एस. डी. तारीख: ९ जानेवारी २००२.

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आज आठ.

शीर्षक: 'सुहास, दिवा लाव ना गं. काही दिसेना झालंय.'

सारांश: 'स्वयंपाकघर, सेक्टर २२. धुकं. चहा, दोन कप. डावा हात कपापर्यंत पोचत नाही.'

सेक्टर २२ म्हणजे माझं घर.

बावीस वर्षं वैद्यकीय नियतकालिकं हाताळलेली बाई मी. नजर जाते, हात उचलत नाही, याचा अर्थ मला समजावून सांगायला नको होता. पण जानेवारीत चंदीगडला धुकं असं दाटतं की दुपारी बारालाही दिवे लावावे लागतात; धुक्यामुळं म्हणत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. प्रिंट काढला नाही. दुसऱ्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

शाळेला थंडीची सुट्टी; सकाळी चिन्मयी मैत्रिणीकडे गेली. अकराला बेल वाजली.

देवयानीच होती. आठ दिवस जेवली नसावी अशी दिसत होती. सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली, नेहमीच्या खुर्चीवर. मी चहा टाकला. दोन कप.

"जयंत माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली. "हे घे. तुझं नाव घातलंय परत."

पिशवीतून तिनं पुस्तकाच्या पहिल्या पानाचं प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. तीन नावं. तिसरं माझं.

"का केलंस?" मी विचारलं.

"काय सांगू! मला वाटलं, तुला काय मोठा फरक पडतोय." तिनं कपाळ चोळलं. "डोकं फार दुखतंय गं सकाळपासून."

तिच्या मागच्या खिडकीत पांढरं धुकं होतं, समोरची इमारतही दिसत नव्हती. तिनं कपाकडे हात नेला. डावा. तो टेबलावरच थांबला.

"सुहास, दिवा लाव ना गं. काही दिसेना झालंय."

दिवा लावलेलाच होता.

मग तिचं डोकं हळूहळू बाजूच्या भिंतीला टेकलं. श्वास चालू होता, जड, घोरल्यासारखा. प्रूफ तिच्या कोपराखाली गेलं होतं, ते मी अलगद ओढून घेतलं. म्हैसाळकरमधला एच राहिला होता. लाल पेन शोधून मी तो घातला, समासात खूण केली. मग इन्स्टिट्यूटच्या इमर्जन्सीला फोन केला.

देवयानी तिसऱ्या दिवशी गेली. मेंदूत रक्तस्राव. सरांनी मला एकदाच विचारलं, कधी कोसळली ती? मी सांगितलं, पावणेबाराला, आणि लगेच फोन केला. त्यांनी मान हलवली. थोडं आधी आणलं असतं तर, असं तिथले डॉक्टर त्यांना म्हणाले होते.

पुस्तक एप्रिलमध्ये आलं. कव्हरवर तीन नावं आहेत, देवयानीच्या नावाभोवती काळी चौकट. माझं नाव अगदी बिनचूक छापलंय.

त्या नोंदीत आणखी एक रकाना भरलेला होता. सगळ्यांत खालचा, टिपांचा. तो मी कुणाला सांगितलेला नाही. 'बोलणं थांबलं ११.२०. फोन ११.४५.' आदल्या दिवशी दुपारी ते वाचताना मला खरंच वाटलं होतं, इतका वेळ कोण थांबेल?